वेगळा कप आणि आठ मिनिटं

गेल्या वर्षीच्या जुलैमधली गोष्ट. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. ऑफिसमधून निघून हिंजवडीहून वाकडला परत येत होतो. पाऊस असा, की हेल्मेटच्या काचेतून पुढच्या गाडीचा फक्त लाल दिवा दिसत होता. भूमकर चौकाच्या अलीकडे पाण्याखालचा खड्डा दिसला नाही आणि बाइक घसरली. मी एकीकडे, मोबाइल दुसरीकडे आणि डावा पाय बाइकखाली.

पुढची दोन-तीन मिनिटं मला फार नीट आठवतात. मागून हॉर्न वाजत होते. मी पडलोय म्हणून नाही, मी रस्ता अडवलाय म्हणून. गाड्या वळसा घालून निघून जात होत्या. त्यातल्या कितीतरी जणांच्या रेनकोटच्या आत माझ्यासारखंच आयडी कार्ड लटकत असणार. मला त्यांचा राग आला नाही. कारण त्यांच्या जागी मी असतो, तर मीही वळसाच घातला असता. या आधी घातलेला आहे.

मग एक बाइक थांबली. पाठीवर ती मोठी चौकोनी बॅग. त्याने आधी स्वतःची बाइक माझ्या मागे आडवी लावली आणि इंडिकेटर चालू ठेवला, म्हणजे मागून येणारे माझ्या अंगावर येऊ नयेत. मला हे सुचलं असतं का, कोण जाणे. मग माझी बाइक उचलली, मला धरून दुभाजकावर बसवलं. गुडघा फुटला होता. त्याने स्वतःच्या बाटलीतलं पिण्याचं पाणी जखमेवर ओतलं आणि खिशातला रुमाल पिळून बांधला. माझे हात थरथरत होते, म्हणून माझ्या तडकलेल्या फोनवरून रूममेटचा नंबरही त्यानेच लावून दिला.

रूममेट यायला पंधरा-वीस मिनिटं लागली. तोवर तो तिथेच उभा होता. मध्ये दोनदा त्याचा फोन वाजला. दोन्ही वेळा तो एवढंच म्हणाला, "सर, पाऊस आहे, दहा मिनिटांत पोचतो." मी म्हटलं, "सांग ना, अपघात झालाय, मदत करतोय म्हणून." त्याने माझ्याकडे बघितलं. "सांगून काय उपयोग, दादा? त्यांना बहाणाच वाटणार."

रूममेट आला. मी पाकिटातून भिजलेली पाचशेची नोट काढली. तो म्हणाला, "राहू द्या दादा. आधी दवाखान्यात जा, धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या." आणि गेला. त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.

*

गोष्ट इथे संपली असती, तर मी ती फार तर स्टेटसला टाकली असती. "माणुसकी अजून जिवंत आहे" असं वर लिहून, खाली दोन हात जोडलेले. शंभर-दोनशे लोकांनी बदाम दिले असते. पण चार टाके आणि चार दिवसांची रजा संपवून मी लॅपटॉप उघडला आणि त्या रात्रीचा दुसरा भाग सुरू झाला.

मी ज्या कंपनीत काम करतो, ती डिलिव्हरीच्या ताफ्यांसाठी सॉफ्टवेअर बनवते. त्याच्या पाठीवर ज्या कंपनीची बॅग होती, ती आमची ग्राहक नाही. पण आमच्या ग्राहकांकडेही तसेच हजारो रायडर आहेत. आमच्या पडद्यावर ते ठिपके असतात. चालता ठिपका हिरवा, थांबलेला पिवळा आणि जास्त वेळ थांबला की लाल.

तो लाल रंग मी दिलेला आहे. दोन वर्षांपूर्वी मला एक काम आलं होतं. रायडर हॉटेलच्या किंवा ग्राहकाच्या दाराशी नसताना एकाच जागी आठ मिनिटांपेक्षा जास्त थांबला, तर त्या थांब्याची नोंद 'आयडल' म्हणून करायची. आठवड्यात अशा तीन नोंदी झाल्या, की एका ग्राहक कंपनीकडे रायडरचा त्या आठवड्याचा बोनस आपोआप कापला जायचा. एका दुपारचं काम होतं. टेस्ट पास झाल्या, रिव्ह्यू करणाऱ्याने अंगठा दिला, आम्ही चहा प्यायला गेलो.

आता त्याच नोंदींची यादी माझ्यासमोर होती. लाल ठिपक्यांच्या रांगा. यातला कुठला थांबा पंक्चरचा, कुठला गाडीवर झोप आवरेना म्हणून टेकल्याचा आणि कुठला कुणाच्या तरी गुडघ्याला रुमाल बांधण्याचा, हे नकाशाला सांगता येत नव्हतं. आणि विचारायला मी त्याला शिकवलंच नव्हतं. माझ्यासाठी थांबलेला तो माणूस आमच्या ताफ्यात असता, तर माझ्याच कोडने त्याला 'आयडल' म्हटलं असतं.

आणखी एक कबुली देऊन टाकतो. त्याच्या आधीच्या महिन्यात माझी बिर्याणी पावसात चाळीस मिनिटं उशिरा आली होती. मी एक स्टार दिला होता आणि खाली लिहिलं होतं, "रोजचेच बहाणे." तेव्हा "त्यांना बहाणाच वाटणार" हे वाक्य त्याने माझ्याबद्दलच म्हटलं होतं. फक्त त्याला ते माहीत नव्हतं.

*

घाई आणि चांगुलपणा यांच्या नात्यावर एक जुना प्रयोग आहे. जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी तो १९७३ साली प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टनमध्ये धर्मशास्त्र शिकणारे, पुढे पाद्री व्हायला निघालेले ४० विद्यार्थी त्यांनी घेतले. प्रत्येकाला दुसऱ्या इमारतीत जाऊन एक छोटं भाषण करायचं होतं. काहींच्या भाषणाचा विषय तर बायबलमधली भल्या शोमरोनीची कथा हाच होता. म्हणजे रस्त्यात जखमी पडलेल्या अनोळखी माणसाला मदत करणाऱ्याची कथा. वाटेत एका गल्लीत एक माणूस दारात कोसळून खोकत बसलेला असे. तो अर्थातच प्रयोगातला नट.

काही विद्यार्थ्यांना सांगितलं होतं, भरपूर वेळ आहे, निवांत जा. काहींना सांगितलं, वेळेवर निघा. काहींना सांगितलं, उशीर झालाय, पळा. निवांत असलेल्यांपैकी ६३ टक्के थांबले. मधल्यांपैकी ४५ टक्के. उशीर झालेल्यांपैकी १० टक्के. भाषणाचा विषय मदत होता की दुसराच काही, याने म्हणण्यासारखा फरक पडला नाही. माणूस थांबेल की नाही, हे त्याच्या हातातल्या घड्याळाने ठरवलं.

मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा हायसं वाटलं. म्हणजे वळसा घालणारे वाईट नव्हते, घाईत होते. मीही वाईट नाही, घाईत असतो. पण मग ध्यानात आलं, की त्या रस्त्यावर सगळ्यात जास्त घाई कुणाला होती? घरी जाऊन सिरीज बघणाऱ्यांना? की ज्याच्या प्रत्येक मिनिटाचा हिशोब कुठल्यातरी पडद्यावर चालू होता, त्याला? थांबला तो नेमका तोच. आणि शहरातल्या हजारो माणसांना कायमच त्या १० टक्क्यांच्या गटात ढकलणारं घड्याळ बनवण्याचा पगार मी घेतो.

*

इथपर्यंत आलेल्या कुणालाही वाटेल, की निष्कर्ष सोपा आहे. एका छोट्या चांगल्या कृतीने माझी नजर बदलली. चांगुलपणा दृष्टिकोन बदलतो. इति सुविचार.

पण माझ्याकडे या सुविचाराविरुद्ध एक पुरावा आहे. तो चिनीमातीचा आहे, त्यावर निळी फुलं आहेत आणि त्याचा कान तुटलेला आहे.

आमचं गाव कराड तालुक्यात. लहानपणी आमच्याकडे अंगण आणि गोठा झाडायला एक बाई यायच्या. आम्ही त्यांना मावशी म्हणायचो. माझी आजी त्यांना रोज चहा द्यायची. नुसता चहा नाही, सोबत शिळी का होईना पण भाकरी, सणाला पुरणपोळी, दिवाळीला फराळ आणि लुगडं. त्यांच्या मुलाला ताप आला, तेव्हा आजीने स्वतःजवळचे पैसे काढून दिले होते. गावात आजीसारखी दयाळू बाई नाही, असं सगळे म्हणायचे आणि ते खरंच होतं.

पण मावशींचा कप वेगळा होता. तो ओट्यावरच्या कोनाड्यात असायचा. मावशी तो स्वतः काढायच्या, विसळायच्या, पुढे धरायच्या. आजी वरून चहा ओतायची. मग मावशी तो परत विसळून कोनाड्यात उपडा ठेवायच्या. वर्षानुवर्षं, रोज. एवढा चांगुलपणा, तोही रोजचा, आणि दृष्टिकोन तसूभर हलला नाही. हलायचं सोडा, तो चांगुलपणाच त्याला आधार देत होता. 'आम्ही त्यांचं किती करतो' हे म्हणता आलं, की कोनाड्याकडे बघावं लागत नाही.

मराठीत यासाठी एक शब्द आहे, उपकार. उपकार करतात, उपकार फेडतात, उपकाराच्या ओझ्याखाली माणूस दबतो आणि जास्तच झालं, की चिडून म्हणतो, "उपकार नको करूस माझ्यावर." सगळी भाषा देण्याघेण्याची, सावकाराच्या वहीतली. देणारा वर, घेणारा खाली. दुसरा शब्द आहे, माणुसकी. "मी त्याची माणुसकी फेडली" असं कुणी म्हणत नाही. तिथे वही नसते. आजी करायची ते उपकार होते. आणि कितीही चांगल्या मनाने केलेला उपकार दोन माणसांमधलं अंतर मोजून, जपून ठेवू शकतो.

आता ती पाचशेची नोट परत बघू. मी ती कृतज्ञतेने काढली होती, असं मला तेव्हा वाटलं. पण खरं सांगायचं, तर मला अवघडल्यासारखं झालं होतं. ज्याला मी एक स्टार देतो, त्याने माझ्या पायाला हात लावलाय, मला ते घ्यावं लागलंय आणि परत देता येत नाहीये. नोट दिली असती, की हिशोब मिटला असता. तो परत 'सेवा देणारा' आणि मी परत 'ग्राहक' झालो असतो. माझी नोट म्हणजे माझा वेगळा कप होता. त्याने तो घेतला नाही.

*

मग नजर बदलते कशाने? मला वाटतं, ती देण्याने फारशी बदलत नाही. घेण्याने बदलते. मागण्याने तर आणखीच.

बेंजामिन फ्रँकलिनने आत्मचरित्रात एक किस्सा सांगितलाय. १७३० च्या दशकात पेनसिल्व्हेनियाच्या विधिमंडळात तो कारकून होता, तेव्हा एका नव्या सभासदाने त्याला विरोध केला. माणूस वजनदार होता. फ्रँकलिनने त्याची खुशामत केली नाही, त्याला भेटवस्तूही दिली नाही. त्याच्या संग्रहात एक दुर्मीळ पुस्तक आहे असं कळल्यावर चिठ्ठी पाठवली, की ते थोडे दिवस वाचायला द्याल का? त्याने दिलं. आठवडाभराने फ्रँकलिनने आभार मानून परत केलं. पुढच्या भेटीत तो सभासद आपणहून बोलला आणि ती मैत्री मरेपर्यंत टिकली.

१९६९ मध्ये जेकर आणि लँडी या संशोधकांनी याच धर्तीवर एक प्रयोग केला. स्पर्धेत लोकांना काही पैसे जिंकू दिले. मग काहींना संशोधकाने स्वतः गाठून विनंती केली, की प्रयोगाला मी पदरचे पैसे घातलेत आणि ते संपत आलेत, तर तुमचे परत द्याल का? काहींना हीच विनंती विभागाच्या वतीने केली गेली. काहींना काहीच विचारलं नाही. तो संशोधक कुणाला सगळ्यात जास्त आवडला? ज्यांच्याकडे त्याने स्वतः मागितलं त्यांना.

मानसशास्त्र याची काय कारणं देतं, ते आहेच. मला त्यातून दिसतं ते असं, की मागताना माणूस समोरच्याला सांगतो, "तुझ्याकडे काहीतरी आहे जे माझ्याकडे नाही." उपकाराची शिडी तेवढ्यापुरती आडवी होते. आजी मावशींना इतकं द्यायची, पण तिने त्यांच्याकडून श्रमाखेरीज कधी काही घेतलं नाही. त्यांच्या घरचं हळदीकुंकू नाही, त्यांच्या हातचं पाणी नाही. चांगुलपणाला तिने एकाच दिशेने वाहायची परवानगी दिली होती.

एकदा घेतलं. घेतलं म्हणजे घ्यावं लागलं. मी सातवीत असेन. दुपारी घरात कुणी नसताना आजी न्हाणीघरात पाय घसरून पडली. मावशी गोठ्यात होत्या. त्या धावत आल्या, आजीला उचलून बाजेवर निजवलं, स्वयंपाकघरात शिरून माठातलं पाणी आणलं आणि तिच्या तोंडाला लावलं. आजी प्याली. आई शेतातून आली, तेव्हा मावशी आजीचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि दोघी रडत होत्या.

त्यानंतर आजीने मावशींना घरातल्या कपात चहा द्यायला सुरुवात केली. कुणी काही बोललं नाही. कोनाड्यातला कप तिथेच पडून राहिला, नुसता.

*

इथे थांबलो असतो, तर ही फार गोड गोष्ट झाली असती. पण पुढे दोन-तीन वर्षांनी मावशींचे गुडघे गेले आणि त्यांच्याऐवजी त्यांची सून कामाला यायला लागली. पहिल्या दिवशी काम संपल्यावर आजीने तिला चहाला बोलावलं आणि कोनाड्याकडे बोट दाखवलं.

मी तेव्हा दहावीत होतो. विचारलं, "आजी, मावशींना तर आपल्या कपात द्यायचीस." आजी म्हणाली, "ती वेगळी होती."

गॉर्डन ऑलपोर्ट नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पूर्वग्रहांवर १९५४ मध्ये जे पुस्तक लिहिलं, त्यात या "ती वेगळी होती" चं वर्णन आहे. आपल्या समजुतीत न बसणारा माणूस भेटला, की आपण समजूत मोडत नाही. कुंपण तेवढ्यापुरतं उघडतो, त्या एका माणसाला आत घेतो आणि घाईने परत लावून टाकतो. 'ते लोक' तसेच राहतात, 'हा' तेवढा अपवाद होतो.

आमच्या धंद्यात याला हार्डकोड करणं म्हणतात. एखाद्या युजरला अडचण आली, की खरी चूक शोधायच्या ऐवजी कोडमध्ये एक ओळ घुसडायची, 'हा युजर असेल तर जाऊ दे.' तक्रार बंद होते. चूक तिथेच राहते. आजीने मावशींना हार्डकोड केलं होतं.

आणि मीही तेच करत होतो. अपघातानंतर महिनाभर मी भेटेल त्याला तो किस्सा सांगत होतो. "सगळे सारखे नसतात रे, त्यांच्यातही किती चांगली माणसं असतात." 'त्यांच्यातही'! एका रात्री रूममेट मॅगी ढवळता ढवळता म्हणाला, "एक सांग. तो थांबला नसता, तुला वळसा घालून गेला असता, तर तुझा आठ मिनिटांचा नियम बरोबर ठरला असता का?"

मला उत्तर देता आलं नाही. आणि या सगळ्या लेखाचा खरा प्रश्न तोच आहे, असं मला वाटतं. एखाद्याच्या चांगुलपणाने माझी नजर बदलली, हे छान आहे. पण तो चांगला वागेपर्यंत माझी नजर तशी का होती? माणूस म्हणून वागवलं जाण्यासाठी त्याने आधी पावसात थांबून दाखवायचं, ही अट कुणी घातली? मी तर कुणासाठी थांबलो नव्हतो. तरी मला लोक 'सर' म्हणतात.

चांगुलपणाच्या गोष्टी सांगताना आपण एक ओझं नकळत सरकवत असतो आणि ते नेमकं ज्यांच्याकडे कमी लेखून बघितलं जातं, त्यांच्याच डोक्यावर जातं. प्रामाणिक रिक्षावाला विसरलेली बॅग परत करतो, की त्याची बातमी होते. बातमी कौतुकाची असते, पण तिच्या पोटात दुसरं वाक्य असतं: बाकीच्यांकडून ही अपेक्षा नाही. बॅग परत करणाऱ्या इंजिनिअरची बातमी कुणी छापत नाही.

महाराष्ट्राला हा फरक नव्याने शिकवायची खरं तर गरज नाही. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुला केला. त्यांनी ओंजळीत वरून पाणी ओतलं नाही, हौदच मोकळा केला. घ्या, भरा, जा. मध्ये देणारा हातच नाही. आणि पुढे महाडला तर कुणी कुणाच्या दयेची वाट बघितली नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदे कौन्सिलात १९२३ मध्ये मंजूर झाला होता, महाडच्या नगरपालिकेनेही चवदार तळं खुलं केल्याचं म्हटलं होतं, पण प्रत्यक्षात कुणी पाणी घेऊ देत नव्हतं. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले. कुणी पाणी दिलं नाही, त्यांनी घेतलं. 'आम्ही चांगले आहोत म्हणून द्या' असं तिथे कुणी म्हणत नव्हतं. 'हे आमचंही आहे' एवढंच म्हणत होते. त्यावर मार खावा लागला, तळं 'शुद्ध' करून घेतलं गेलं आणि कोर्टाचा शेवटचा निकाल लागायला १९३७ उजाडलं.

सन्मान हे चांगुलपणाचं बक्षीस नव्हे. तो आधीच असायला हवा.

*

मग छोट्या चांगुलपणाला काही किंमतच नाही का? मला तसं वाटत नाही. त्या रात्रीने माझं जे केलं, ते कुठल्याही भाषणाने केलं नसतं. फक्त आपण ते कशाचा पुरावा मानतो, यावर सगळं आहे.

तो थांबला, हा 'रायडर चांगले असतात' याचा पुरावा नाही. काही चांगले असतील, काही माझ्यासारखे असतील. तो पुरावा माझ्या नजरेविरुद्धचा आहे. बग रिपोर्ट येतो ना, तसा. एका युजरने कळवलेली चूक त्या एका युजरपुरती नसते. ती सगळ्यांसाठी असते, फक्त दिसली एकाला. शहाणा प्रोग्रामर अपवाद घुसडत नाही, नियम उघडून बघतो.

म्हणून मी नियम उघडला. मीटिंगमध्ये मांडलं, की थांबा नोंदवताना रायडरला कारण विचारलं पाहिजे आणि बोनस आपोआप कापला जाऊ नये. मॅनेजर म्हणाले, "कारण विचारलं, तर प्रत्येकजण काहीतरी सांगेल." मी म्हटलं, "आणि नाही विचारलं, तर सगळ्यांच्या वतीने आपणच एक कारण सांगतोय, की ते कामचुकार आहेत." थोडी शांतता झाली. माझ्या गुडघ्याची गोष्ट मी मुद्दाम सांगितली नाही. सांगितली असती, तर परत तेच झालं असतं. 'एक रायडर चांगला निघाला, म्हणून'.

दोन-अडीच महिन्यांनी बदल झाला. आठ मिनिटांची पंधरा झाली. बोनस कापण्याआधी आता कुणीतरी माणूस नोंद बघतो. रायडरला कारण निवडता येतं: पंक्चर, वाहतूक, तब्येत, इतर. मी त्या यादीत 'रस्त्यात कुणाला मदत केली' असंही लिहिलं होतं. ते पडद्यावर मावत नाही म्हणून काढलं गेलं. ते आता 'इतर' मध्ये आहे. मोठं काहीच झालेलं नाही. घड्याळ थोडं सैल झालं, एवढंच. आणि त्यासाठी मला स्वतःला पडावं लागलं, ही अभिमानाने सांगायची गोष्ट नाही.

*

आजी जाऊन आता सहा वर्षं झाली. या दिवाळीत गावी गेलो, तेव्हा कोनाडा रिकामा होता. आईला विचारलं, कप कुठे गेला. "आहे की, माळ्यावर. कान तुटलाय, पण टाकवत नाही."

संध्याकाळी मी मावशींकडे गेलो. आमच्या घरापासून चालत चार मिनिटांवर त्यांचं घर. अठ्ठावीस वर्षांत मी त्या उंबऱ्याच्या आत कधी गेलो नव्हतो. त्या बाहेर खाटेवर बसल्या होत्या. आधी ओळखलं नाही, मग ओळखलं आणि उठायला लागल्या. मी म्हटलं, "बसा मावशी. चहा प्यायला आलोय."

सुनेने आत चहा टाकला. मावशींनी तिच्या हातातून कप घेतला, पदराने काठ पुसला, परत पुसला आणि माझ्यापुढे धरत हळूच विचारलं, "चालंल न्हवं, दादा?"

माझ्या तोंडून शब्द फुटेना. घर त्यांचं, चहा त्यांचा, आणि परवानगी मागत होत्या त्याच.

मी चहा घेतला. संपल्यावर कप पुढे केला आणि आणखी अर्धा मागून घेतला.